जुन्या मोटारीचा खालचा पत्रा बदलताना बॉडीला आधार कसा द्यावा?



आपल्यापैकी अनेकांच्या वाड्यात, गोठ्याशेजारच्या पडवीत किंवा खताच्या गोदामात एखादी जुनी प्रीमियर पद्मिनी वा अँबेसेडर ताडपत्रीखाली उभी असते. वडिलांनी उसाच्या बिलातून किंवा द्राक्षाच्या एखाद्या चांगल्या हंगामात घेतलेली ही गाडी विकावीशी वाटत नाही आणि चालवावी म्हटले तर दाराखालचा पत्रा बोटाने दाबला तरी आत जातो. कुर्ल्याच्या कारखान्यात ही मोटार १९६४ पासून फियाट ११०० डिलाइट या नावाने आणि १९७४ पासून पद्मिनी या नावाने तयार होत असे. २००१ साली तिचे उत्पादन थांबले. बंगालमधील उत्तरपाडा येथे होणारे अँबेसेडरचे उत्पादन २०१४ साली बंद झाले. मुंबईतील शेवटची पद्मिनी टॅक्सीही ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून उतरली. तेव्हा कारखान्यातून नवी बॉडी येण्याचा प्रश्नच उरलेला नाही. आहे तीच बॉडी दुरुस्त करून टिकवावी लागते.

प्रस्तुत लेखक कृषिविद्येचा अध्यापक आहे, पत्र्याचे काम करणारा मिस्त्री नव्हे. तथापि घरच्या पद्मिनीचे दोन्ही बाजूंचे खालचे पत्रे बदलण्याचे काम पूर्ण वेळ शेजारी बसून करवून घेतल्यावर आणि जिल्ह्यातील अशा काही गाड्या पाहिल्यावर एक गोष्ट ध्यानात आली. पत्रा कापणे आणि जोडणे हे काम बहुतेक मिस्त्रींना उत्तम येते. गाडी बिघडते ती त्याआधीच, म्हणजे ती जॅकवर कशी तरी उचलून कापायला घेतली जाते तेव्हा. नवा पत्रा छान बसतो, रंगही चमकतो, पण दार लागत नाही. मग दाराची कड कानसली जाते, फटीत लांबी भरली जाते आणि वाकडी झालेली बॉडी कायमची वाकडी राहते.

चासी नसलेली गाडी

आपल्याला जीपची किंवा ट्रॅक्टरच्या ट्रॉलीची सवय असते. जीपला खाली शिडीसारखी जाड लोखंडी चासी असते. बॉडी तिच्यावर रबराच्या गाद्या ठेवून बोल्टने बसविलेली असते. जीपचा सगळा खालचा पत्रा कापून काढला तरी चासी जागची हलत नाही. पद्मिनी व अँबेसेडर यांना अशी वेगळी चासी नाही. तळाचा पत्रा, दाराखालचे लांब पोकळ पट्टे, दाराचे खांब आणि छत हे सर्व एकमेकांना जोडून जो एक डबा तयार होतो, तोच गाडीचा सांगाडा असतो. दाराखालच्या या पोकळ पट्ट्याला गॅरेजमध्ये रनिंग बोर्ड म्हणतात. या नावामुळे तो केवळ पाय ठेवण्याची पायरी आहे असा समज होतो. प्रत्यक्षात घराच्या तुळईचे काम तो करीत असतो.

खात्री करावयाची असल्यास तेलाचा रिकामा पंधरा किलोचा डबा घ्यावा. तो बंद असताना त्यावर माणूस उभा राहिला तरी चालते. वरचा पत्रा पूर्ण कापला की तोच डबा दोन्ही हातांनी पिळता येतो. पत्रा तेवढाच जाड आहे, पण त्याची पेटी मोडली. दाराखालचा पट्टा कापताना गाडीचे नेमके हेच होते.

त्यात गाडीचे वजन सुमारे नऊ क्विंटल, म्हणजे पन्नास किलोची अठरा पोती. हे वजन पुढे इंजिनापाशी आणि मागे ॲक्सलपाशी पेलले जाते. मधला पट्टा कमकुवत झाला की गाडीला मधे झोळ पडतो. झोळ पडल्याची खूण दारावर दिसते. दाराच्या वरच्या बाजूची उभी फट मिटत जाते आणि खालच्या बाजूची उघडते. दार बंद करताना कुलपाच्या बाजूने किंचित उचलावे लागते. याउलट गाडी फक्त मधोमध जॅक लावून उचलली तर दोन्ही टोके खाली जातात. वरची फट उघडते, खालची मिटते. दुरुस्तीला घेण्यापूर्वी आपली गाडी यापैकी कोणत्या अवस्थेत आहे ते दारे उघडून-लावून पाहावे. पैसे खर्च न करता होणारी ही सर्वात उपयुक्त तपासणी आहे.

उचलण्यापूर्वी वजन कमी करा, मग मापे घ्या

काम सुरू असताना गाडीवरील वजन बदलता कामा नये, हा नियम पाळावा. आधी सर्व पातळी साधली, पाईप लावले आणि मग मधेच कोणी इंजिन उतरविले, तर पुढची बाजू हलकी होऊन सारा हिशेब चुकतो. इंजिन काढायचे असेल तर ते प्रथमच काढावे. सीट, गालिचे, जादा चाक व बॅटरी बाहेर काढावी. पेट्रोलची टाकी काढून कामाच्या जागेपासून लांब न्यावी. रिकामी टाकी निर्धोक असते असे समजू नये. रिकाम्या टाकीत पेट्रोलची वाफ कोंडलेली असते आणि भरलेल्या टाकीपेक्षा ती अधिक लवकर भडकते. पडवीत कडबा किंवा भुसा रचलेला असेल तर तोही हलवावा. वेल्डिंगची ठिणगी भुश्यात तासभर धुमसत राहते आणि माणसे जेवायला गेल्यावर पेट घेते. वाळूच्या व पाण्याच्या बादल्या भरून ठेवाव्यात. काच ठिणग्यांनी खरवडली जाते, म्हणून काढली नसेल तर ती ओल्या गोणपाटाने झाकावी. दारे मात्र काढू नयेत. दारे हीच आपली मोजपट्टी आहे.

मापे गाडी स्वतःच्या चाकांवर, सपाट फरशीवर उभी असताना घ्यावीत. प्रत्येक दाराच्या चौकटीचे दोन्ही तिरपे कर्ण मोजावेत, म्हणजे वरच्या बिजागरीपासून समोरच्या खालच्या कोपऱ्यापर्यंत आणि खालच्या बिजागरीपासून समोरच्या वरच्या कोपऱ्यापर्यंत. बिंदूंवर पोगराने बारीक खूण करावी, खडूने नव्हे. खडू पुसला जातो. गाडीच्या आतूनही डाव्या खांबाच्या तळापासून उजव्या खांबाच्या माथ्यापर्यंत आणि उलट अशी मापे घ्यावीत. आकडे वहीत लिहावेत. डाव्या व उजव्या बाजूची मापे ताडून पाहिली की कोणती बाजू बसली आहे ते कळते. ज्या बाजूला गंज कमी त्या बाजूचे माप खरे धरावे.

आधार कोठे द्यावा

जॅक हे उचलण्याचे साधन आहे, धरून ठेवण्याचे नव्हे. हायड्रॉलिक जॅकमधील तेल वायसरातून हळूहळू पाझरते आणि सकाळी लावलेला जॅक संध्याकाळपर्यंत अर्धा बोट खाली आलेला असतो. एका कोपऱ्याला असे झाले की बॉडी पिळली जाते. खाली माणूस असेल तर काय होईल ते सांगावयास नको. म्हणून उचलल्याबरोबर वजन लोखंडी घोडीवर सोडावे. घोडी नसेल तर गावच्या वेल्डरकडून जाड अँगलच्या, रुंद पायाच्या चार घोड्या करून घ्याव्यात. त्या पुढे ट्रॉलीच्या दुरुस्तीलाही उपयोगी पडतात. विटा किंवा सिमेंटचे पोकळ ठोकळे मात्र कदापि वापरू नयेत. ते आधी सूचना न देता एकदम फुटतात.

आधार देण्याची जागा निवडताना एकच विचार करावा: रस्त्यावर चालताना चाकांचे वजन बॉडीत कोठून शिरते? पुढे ते चाकांना धरणाऱ्या आडव्या तुळईपाशी शिरते. मागे ते पाट्यांची टोके बॉडीला जेथे जोडलेली असतात तेथे शिरते. या जागी पत्रा दुहेरी-तिहेरी असतो. चार घोड्या याच चार ठिकाणी याव्यात. घोडी व पत्रा यांच्यामध्ये बाभळीच्या लाकडाची जाड फळी द्यावी, म्हणजे वजन पसरते. तळाच्या सपाट पातळ पत्र्यावर किंवा जो पट्टा बदलायचा आहे त्याच पट्ट्यावर आधार देऊ नये. हास्यास्पद वाटेल, पण नेहमीचा जॅक लावण्याची जागा त्या पट्ट्यावर असते म्हणून सवयीने घोडीही तेथेच लावलेली पाहण्यात आली आहे.

पाट्याच्या पुढच्या टोकाची जागा बहुधा गंजलेली असते, कारण मागच्या चाकाचा चिखल तेथेच साठतो. पेचकसाने टोचून पाहावे. पत्रा मऊ लागल्यास आधार तेथून थोडा पुढे-मागे, जेथे ठोकल्यावर खणखणीत आवाज येतो तेथे सरकवावा आणि ती जागा सर्वात आधी दुरुस्त करून घ्यावी. मागचा ॲक्सल लोंबकळत ठेवू नये; त्याखाली ठोकळा द्यावा.

आता पातळी. चार पायांची खाट ओबडधोबड जमिनीवर ठेवली की तीन पायांवर वजन येते आणि चौथा अधांतरी राहतो. माणूस बसला की खाट पिळली जाते. गाडीचेही तसेच. चारही घोड्यांवर वजन आले आहे याची हाताने फळी हलवून खात्री करावी. जी फळी सहज हलते तेथे लाकडी पाचर सारावी, पण ठोकून बॉडी उचलू नये. मग गवंड्याची पाण्याची नळी घेऊन डाव्या व उजव्या बाजूच्या सारख्या बिंदूंची पातळी पाहावी. पाणसळीची लहान पट्टी चालत नाही. तिच्यावर न दिसणारा फरक गाडीच्या रुंदीत पाच-सहा मिलिमीटरचा होतो. दाराची फट मुळातच तेवढी असते.

काळ्या जमिनीचा प्रश्न

हा भाग थोडा विस्ताराने सांगणे आवश्यक आहे. गाडी दुरुस्तीची माहिती सहसा शहरातील काँक्रीटची फरशी गृहीत धरून दिलेली असते. आपली पडवी मात्र पुष्कळदा भारी काळ्या जमिनीवर, शेणाने सारवलेली किंवा फार तर शहाबादी फरशी टाकलेली असते.

आपल्याकडील काळ्या जमिनीत स्मेक्टाइट गटातील चिकणमातीचे प्रमाण मोठे असते. या चिकणमातीचे कण पाणी थरांच्या आत घेतात आणि फुगतात, वाळल्यावर आकसतात. म्हणूनच उन्हाळ्यात रानात हात जाईल एवढ्या भेगा पडतात व पावसाळ्यात त्या बुजतात. घराच्या भिंतींना कोपऱ्यातून तिरप्या चिरा जातात त्याचेही हेच कारण आहे. पडवीच्या बाबतीत विशेष असे की, पाऊस पडला की कडेची जमीन आधी भिजते आणि मधली कोरडी राहते. कडेच्या दोन घोड्या वर उचलल्या जातात, आतल्या दोन तेथेच राहतात. याखेरीज ओल्या मातीत घोडीचा बारीक पाय रुतून खाली जातो तो वेगळाच. म्हणजे एक घोडी वर, दुसरी खाली, आणि मधे कापलेली बॉडी.

यावर उपाय कठीण नाहीत. शक्य तर हे काम पावसाळ्यात काढूच नये. दिवाळीनंतर सुगी आटोपल्यावर, जमिनीची ओल स्थिर झाल्यावर घ्यावे. घोडीखाली लांब-रुंद आधार द्यावा. रेल्वेचे जुने लाकडी स्लीपर मिळाले तर उत्तम, नाहीतर जाड लोखंडी पत्रा किंवा किमान दोन फूट चौरस जाड फळ्यांचा पाट. डाव्या-उजव्या घोड्या एकाच लांब स्लीपरवर आल्या तर अधिक चांगले, कारण मग हललेच तर दोन्ही बरोबर हलतात. पडवीच्या पन्हाळीचे पाणी आत मुरणार नाही अशी चारी काढावी. जनावरे धुण्याचे पाणीही त्या बाजूला येऊ देऊ नये. काम पंधरा दिवस चालणार असेल तर दररोज सकाळी मिस्त्रीने हत्यार उचलण्यापूर्वी पाण्याची नळी लावून पातळी पाहावी. याला पाच मिनिटे लागतात. ज्यांच्याकडे मुरमाड जमीन आहे त्यांना यातील बरीचशी काळजी करावी लागत नाही.

आतून पाईप लावणे

घोड्या खालून वजन पेलतात, पण दाराची चौकट पिळण्यापासून त्या वाचवू शकत नाहीत. त्यासाठी आतून पाईप लावावे लागतात. पाईप लावण्यापूर्वी दाराच्या फटी बरोबर असल्या पाहिजेत. गंजामुळे आधीच झोळ पडला असेल आणि त्याच अवस्थेत पाईप जोडले तर तो झोळ आपण स्वतःच कायम केला असे होते. अशा वेळी मधल्या खांबाखालच्या मजबूत आडव्या पट्टीला लाकूड ठेवून जॅकने अगदी थोडे थोडे उचलावे. प्रत्येक वेळी दार लावून पाहावे. वरून खालपर्यंत फट सारखी दिसली आणि कर्णांची मापे जुळली की तेथे पाचवी घोडी लावून थांबावे. पत्रा करकरू लागल्यास लगेच थांबावे.

पाईप एक इंच चौकोनी पुरतो. प्रत्येक बाजूला एक पाईप पुढच्या खांबापासून मधल्या खांबापर्यंत कमरेच्या उंचीवर, दुसरा तिरपा, आणि एक पाईप डाव्या मधल्या खांबापासून उजव्या मधल्या खांबापर्यंत आडवा द्यावा. तिरप्या पाईपशिवाय चौकट घट्ट होत नाही. शेताच्या फाटकाला तिरपी पट्टी का मारतात ते आठवावे. पाईप अशा रीतीने आतल्या बाजूस बसवावेत की दार पूर्ण लागले पाहिजे. टोके बाहेरच्या दर्शनी पत्र्याला वेल्ड करू नयेत; खांबाच्या आतील जाड भागाला पट्टी लावून बोल्टने कसावीत. एक पाईप ट्रॅक्टरच्या टॉप लिंकप्रमाणे दोन्ही टोकांना उलटसुलट आटे असलेला करून घेतला तर फिरवून मिलिमीटरभर ढकलता किंवा ओढता येते. लेथवाल्याकडे असा पाईप सहज करून मिळतो आणि माझ्या मते त्यावर केलेला खर्च सर्वात सार्थकी लागतो.

कापणे व जोडणे

नवा पट्टा हातात आल्याशिवाय जुना कापू नये. जुन्या पट्ट्याचा आकार कार्डबोर्डवर उतरवून तालुक्याच्या गावी पत्रा वाकविण्याच्या यंत्रावर नवा करून घ्यावा. चांगल्या राहिलेल्या भागाची जाडी मोजून त्याच जाडीचा सीआर पत्रा वापरावा. २० गेजचा पत्रा साधारण ०.९ मिलिमीटर जाड असतो. छपरासाठी आणलेला जस्ताचा पत्रा घरात पडून आहे म्हणून तो वापरू नये. वेल्डिंगच्या उष्णतेने जस्ताचा धूर होतो आणि तो छातीत गेल्यास थंडी वाजून ताप येतो. आर्क वेल्डिंगचे नेहमीचे मशीन नांगराच्या फाळाला ठीक आहे, पातळ पत्र्याला ते भोके पाडते. सीओटू वेल्डिंग करणारा मिस्त्री शोधावा.

एका वेळी एकच बाजू कापावी. दुसरी बाजू कितीही कुजलेली असली तरी ती तोपर्यंत काही ना काही भार पेलत असते. बाहेरचा पट्टा, आतला पट्टा आणि तळाचा पत्रा तिन्ही गेले असतील तर प्रथम आतला पट्टा तुकड्या-तुकड्यांनी बदलावा: फूटभर कापावा, जोडावा, मग पुढचा फूट. तो पूर्ण झाल्यावर तळ, आणि शेवटी बाहेरचा पट्टा. घाईने सर्व एकदम मोकळे करणारा मिस्त्री दोन दिवस वाचवितो, परंतु ते दोन दिवस आपल्याला दारापाशी भरून द्यावे लागतात.

नवा पट्टा आधी चिमट्यांनी धरून दार लावून पाहावे. नंतर तीन-चार इंचांवर टाके मारावेत आणि पुन्हा दार पाहावे. वेल्डिंगची सलग रेघ ओढू नये. वितळलेले लोखंड थंड होताना आकसते, आणि लांब रेघ एका दमात ओढली तर पट्टा धनुष्यासारखा ताणला जातो. एक इंच येथे, एक इंच दुसऱ्या टोकाला, मग मध्यभागी अशा रीतीने जागा बदलत जावे. पाणी मारून थंड करू नये. खालची पाणी निघण्याची भोके बुजवू नयेत; मूळ गंज बहुधा तीच भोके चिखलाने बुजल्यामुळे आलेला असतो. चासी नंबर कोठे कोरलेला आहे तेही आधीच पाहून ठेवावे. तो तुकडा कापला गेला तर नोंदणीच्या नूतनीकरणाच्या वेळी अडचण येते.

खाली उतरविताना

दोन्ही बाजू पूर्ण झाल्यावरच उतरवावे. प्रथम पाचवी घोडी काढावी. नंतर मागची बाजू आणि मग पुढची बाजू, दोन्हीकडे सारखे थोडे थोडे सोडत गाडी चाकांवर आणावी. आतले पाईप तेव्हाही तसेच ठेवावेत. इंजिन, टाकी व सीट बसविल्यावर, पूर्ण वजन चाकांवर असताना वहीतील कर्ण पुन्हा मोजावेत. मग पाईपांचे बोल्ट सैल करावेत. बोल्ट हाताने सहज निघाले तर बॉडीत ताण नाही. पाना लावूनही पाईप अडकून बसला किंवा सुटताच टणकन उडाला, तर बॉडी त्या पाईपाने जबरीने धरलेली होती असे समजावे. पुन्हा पाईप कसून कोणता जोड कच्चा राहिला ते शोधावे. रंग यानंतरच द्यावा.

पट्ट्याच्या पोकळीत भोकातून मेण मिसळलेले गंजरोधक तेल फवारावे. दुरुस्त झालेली गाडी परत खताच्या गोदामात उभी करू नये. म्युरेट ऑफ पोटॅश म्हणजे पोटॅशियम क्लोराइड. त्याची सांडलेली भुकटी हवेतील ओल धरते आणि क्लोराइडमुळे लोखंड झपाट्याने गंजते. युरियाही ओल ओढतो. गोठ्याची हवाही पत्र्याला मानवत नाही. जागाच नसेल तर खताची पोती लाकडी फळ्यांवर पलीकडच्या भिंतीला लावावीत आणि गाडीखालची जागा झाडून घ्यावी. साधारण दोनशे किलोमीटर चालविल्यावर दारांच्या फटी एकदा पाहाव्यात. एक-दोन मिलिमीटरचा फरक बिजागरीचे स्क्रू सैल करून काढता येतो.